भाच्याची बियर

"दादा, तूं एक फावट हैदराबादेक वचून ये. तो तुजें आयकता."

बहिणीचा फोन रात्री साडेदहाला आला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. आमच्या घरात साडेदहाला कोणी कोणाला सहज फोन करत नाही. विषय भाच्याचा होता. आठ वर्षं हैदराबादेत, गच्चीबावलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. पगार असा की फोंड्याच्या बाजारात कुणी विचारला तर आम्ही थोडा कमी करून सांगतो, उगाच दृष्ट नको. हा मुलगा म्हणत होता, नोकरी सोडतो, गोव्यात येतो आणि बियर तयार करतो. विकायला नव्हे, तयार करायला!

"सोऱ्याचो धंदो रे," बहीण म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही.

ती का बोलली नाही, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात दारू कधीच परकी नव्हती. स्वयंपाकघरातल्या फडताळात, खोबरेल तेलाच्या बाटलीमागे फेणीची एक बाटली असायचीच. पोटात दुखलं तर चमचाभर, गुडघे दुखले तर चोळायला. हिंदू घरांतली फेणी ही अशी औषधाच्या नावाने राहायची. पण आमच्याच घरात भाईही होता. सगळ्यांत थोरला. हुशार, गाणारा, तबल्यावर बसला की मंडळी जागा सोडायची नाहीत. भाई गेला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि शेवटची पाचेक वर्षं गावात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. 'बेबदो' म्हणत. पोर्तुगीज गेले, पण हा एक शब्द आमच्या तोंडी ठेवून गेले.

तर मंडळी, मी हैदराबादला गेलो. वास्कोहून सिकंदराबादला गाडी आहे, बसलं की सोपं काम. भाचा स्टेशनवर आला होता. वाकून पाया पडला आणि गाडीत बसताच म्हणाला, "मामा, आवयन धाडला न्हय तुका?" काय सांगणार! मी म्हटलं, हो.

"बरें केलें. आतां म्हजें काम पळय आनी मागीर उलय."

पहिल्या संध्याकाळी तो मला ज्युबिली हिल्सला झिरो-फोर्टी नावाच्या ठिकाणी घेऊन गेला. ०४० हा हैदराबादचा जुना एसटीडी कोड, त्यावरून हे नाव. आमच्या पिढीला एसटीडी बूथची रांग आठवते, या पिढीने त्याचं दारूच्या दुकानाला नाव दिलं. काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या. मला वाटलं, डेअरीत आलो की काय! तेलंगण राज्य झाल्यानंतर, २०१५ साली सरकारने अशा छोट्या बियर-कारखान्यांसाठी नियम केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ज्युबिली हिल्स भागात अशी ठिकाणं उघडत गेली. जिथे बनवायची तिथेच प्यायला द्यायची, असा हा प्रकार. आपल्या महाराष्ट्रात तो आधी, २००९ साली पुण्यात 'डूलॅली'ने सुरू केला. हे नाव कुठून आलं माहीत आहे? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडलेले गोरे सोल्जर उन्हाने आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे. त्याला ते म्हणायचे 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला 'ताप'! बियरच्या दुकानाला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार?

एका लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. ही चव बघायची रीत. भाच्याने खिशातून वही काढली. पहिला ग्लास हेफेवायझन, जर्मन पद्धतीची गव्हाची बियर. नाकाजवळ नेला आणि थक्क झालो. पिकलेल्या रसबाळी केळ्यांचा घमघमाट!

"केळं घालतात?"

"एक कण नाही मामा. हे सगळं यीस्टचं काम." शिकवायला लागला की तो मराठीत बोलतो, शाळेची सवय. मग त्याने सगळं सांगितलं. सातू भिजवायचा, मोड येऊ द्यायचे, वाळवायचा, तो झाला माल्ट. माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवायचा, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्टच्या हवाली करायचं. १५१६ साली जर्मनीत बव्हेरियाच्या ड्यूकांनी फर्मान काढलं की बियरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी सोडून चौथं काही घालायचं नाही. त्या फर्मानात यीस्टचं नावच नाही, कारण काम करणारा तो बारका मजूर तेव्हा कोणाला दिसलाच नव्हता.

दुसरा ग्लास बेल्जियन विट. धणे आणि संत्र्याची साल घातलेली, तोंडात हलकी. तिसरा स्टाउट, काळाकुट्ट, भाजलेल्या सातूचा. वास जळक्या करवंटीचा आणि कॉफीचा. चौथा आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्स बियर टिकवतात, म्हणून इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात यायच्या बियरमध्ये ते सढळ हाताने घालत. कडूपणा तिथला. मी एक घोट घेतला आणि लहानपणी पावसाळ्यात आई नाक दाबून पाजायची ते किराइतें आठवलं.

"आवडली?"

"पोटाला चांगली असेल," मी म्हटलं. तो खो खो हसला. अगदी भाईसारखा. मी ग्लास खाली ठेवला.

खोटं कशाला सांगू, मला गव्हाची ती बियर आवडली. पण मी आणखी एक काम करत होतो. त्या चार छोट्या ग्लासांनंतर भाच्याने दोन मोठे घेतले. ते मी मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला गेला आणि मी कोटीला, मराठी ग्रंथ संग्रहालयात. हैदराबादला जाऊन तिथे पाय न ठेवता परत येणं मला जमत नाही. १९२२ साली निजामाच्या राज्यात मराठी माणसांनी ही संस्था उभी केली. गोव्याच्या वाचकांना एक गंमत सांगतो. १९३०चं साहित्य संमेलन आमच्या मडगावला झालं, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. पुढच्याच वर्षी, १९३१ साली ते भरलं हैदराबादला, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. एक वर्ष पोर्तुगीजांच्या राज्यात, दुसरं निजामाच्या. मराठीने तेव्हा इंग्रजी मुलुखाबाहेरची दोन घरं लागोपाठ फिरून घेतली.

तिथे एक मराठवाड्यातले वृद्ध गृहस्थ भेटले. मी कशासाठी आलोय ते ऐकून म्हणाले, "बियर काय पिता, शिंदी प्या!" शिंदी हे आमच्या मराठीत झाडाचंही नाव आणि त्याच्या रसाचंही. जंगली खजुरीचं झाड. हैदराबादच्या दखनीत तीच सेंधी. तेलुगूत झाड ईत, रस कल्लू. ताडाची ती ताडी. १९५६पर्यंत मराठवाडा याच राज्यात होता, त्यामुळे शब्द इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, हे आता झाडालाच विचारायला हवं. "आणि आता तुमच्या भाच्याची बियर बघा," गृहस्थ हसले, "औरंगाबादेजवळ वाळूजला मोठाले कारखाने आहेत. शिंदीच्या मुलुखात बियर पिकते!" औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं, पण त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

शिंदीचं नाव निघालं म्हणून दुपारी एका रिक्षावाल्याला विचारलं आणि त्याने मला शहरातल्या एका कल्लू कंपाउंडवर नेलं. मोठं पत्र्याचं आवार, लाकडी बाकं, आणि कल्लू कशात द्यावी? बियरच्या रिकाम्या बाटलीत! ज्युबिली हिल्सच्या काचेच्या ग्लासातून निघून मी बियरच्याच बाटलीपाशी आलो होतो, फक्त आतला माल दुसरा होता. सोबत चकणा. आपल्याकडे चकणा म्हणजे शेंगदाणे-फुटाणे. इथे चकणा म्हणजे बोकडाच्या वजडीचा झणझणीत रस्सा. गवंडी, हमाल, दिवसभर डोक्यावर पाट्या वाहिलेल्या बायका, सगळे शेजारी शेजारी बसलेले. बायकांना कोणी वळून बघत नव्हतं, हे मला फार बरं वाटलं.

पण मी प्यालो नाही. २०२५च्या जुलैत याच शहरात, कुकटपल्ली भागात, कल्लू पिऊन माणसं दगावली. भेसळीची कल्लू होती. कारण साधं आहे. झाडं गावात आणि पिणारे शहरात. खरी कल्लू सकाळी गोड, दुपारी आंबट आणि दुसऱ्या दिवशी टाकायच्या लायकीची. ती शहराला पुरणार कशी? मग पाणी, सॅकरीन आणि नशा यावी म्हणून क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. म्हणजे झोपेच्या गोळ्याच. पिणाऱ्याला याची अशी सवय लागते की २०१५ साली भेसळीविरुद्ध कारवाई झाली तेव्हा महबूबनगर आणि निजामाबादकडे कल्लू न मिळाल्यामुळे लोकांना झटके यायला लागले आणि इस्पितळं भरली. सरकारनेही दोन्ही उपाय करून पाहिले. २००४ साली शहरातली कंपाउंड बंद केली, तेलंगण झाल्यावर २०१४ साली पुन्हा उघडली. बंद केली तर ताडी काढणाऱ्याच्या पोटावर पाय, उघडली तर पिणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

बाकावरच्या बायकांकडे बघताना मला दुसऱ्या बायका आठवल्या. १९९२ साली आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरतेच्या वर्गात एक धडा वाचला, दारूने मोडलेल्या घराचा. नुसता वाचून त्या थांबल्या नाहीत, गावातलं अरकाचं दुकान बंद पाडलं. ते लोण राज्यभर पसरलं. १९९३ साली अरक बंद झाली आणि १९९५ साली एन. टी. रामारावांनी पूर्ण दारूबंदी आणली. दोन वर्षांत, १९९७ साली, तिजोरीला खड्डा पडला म्हणून ती उठली. आज तेलंगणात बियरची प्रत्येक बाटली सरकारी महामंडळाच्या हातून जाते. त्या बायकांचं नाव घेतलं की मला माझी बहीण दिसते. तिने कुठलं दुकान बंद पाडलं नाही. भाईला शोधायला ती रात्री कंदील घेऊन तावेर्नाकडे जायची, तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी रविवार. पहाटे पाचला भाच्याने उठवलं. "चल मामा, खरी गोष्ट दाखवतो." भोनगीरच्या बाजूला तासाभराच्या अंतरावर गाडी थांबवली. थंडी होती, शेताच्या बांधावर ईतची झाडं, प्रत्येकाच्या मानेला छेद आणि छेदाखाली मडकं. गौड समाजातला एक माणूस, वयाने साठीचा तरी, कमरेला आणि झाडाला मिळून एक जाड दोर घालून सरसर वर चढला. त्या दोराला मोकू म्हणतात. मडकं उतरवलं आणि ताडाच्या पानाच्या द्रोणात ओतून माझ्यापुढे धरलं. गार, गोड, थोडी फसफसणारी. सूर! आमची सूर! नारळाची नव्हे, शिंदीची, पण तोच वास.

मला आमच्या भाटातला रेंदेर आठवला. माडाला खाचा पाडून तो चढायचा. कमरेला काती, पाठीला दुदिनें, वर पोयीला बांधलेलं दामोणें. त्याच्या सुरेवर आईचे सान्नां फुगायचे. हैदराबादच्या त्या चकचकीत टाकीत जो बारका मजूर काम करतो, तोच आमच्या सान्नांत काम करत होता, आम्ही फक्त त्याला यीस्ट म्हणत नव्हतो. रेंदेर शब्दाची गंमत बघा. पोर्तुगीजमध्ये 'रेंदा' म्हणजे खंड, मक्ता. खंड भरणारा तो रेंदेर. इकडे निजामाच्या दरबारात या खात्याचं नाव आबकारी. म्हणजे झाडावर चढणाऱ्याची ओळख दोन्हीकडे त्याने भरलेल्या पैशावरून झाली. पण तेलंगणात एकाची वेगळी ओळखही राहिली आहे. सर्वाई पापन्ना, याच समाजातला. त्याने बंड करून १७०८ साली वरंगळ लुटलं, म्हणजे औरंगजेब मेल्याच्या दुसऱ्या वर्षी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने दख्खनच्या आठ माणसांवर एक पुस्तक लिहिलंय, त्यात आपल्या तुकोबांच्या आणि ताराराणीच्या मधोमध हा पापन्ना बसलाय. ताडी काढणाऱ्याला इतका मान आमच्याकडे कोणी दिला? बोनालूच्या जत्रेत देवीपुढे कल्लूची धार सोडतात, तिला साक म्हणतात. देवीला चालते, ती माणसाला वाईट कशी, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

द्रोण धरून मी म्हटलं, "याला पोरगे आहेत का विचार."

भाच्याने मोडक्या तेलुगूत विचारलं. दोन. एक उप्पलला डिलिव्हरीचं काम करतो, दुसरा दुबईत. झाडावर कोणी चढत नाही. अगदी आमच्या रेंदेरासारखंच. त्याचाही मुलगा बोटीवर गेला.

परतीच्या वाटेवर भाच्याने मनातलं सांगितलं. त्याला गोव्यात जर्मन बियरची नक्कल करायची नव्हती. सुरेवर वाढलेलं यीस्ट, आपला उकडा तांदूळ, भिरिंडाची सालं, अशी त्याची यादी होती. "काजूच्या फेणीला २००९ साली जीआय मिळालं, २०१६ साली सरकारने तिला वारसा म्हटलं. पण सुरेचं काय? रेंदेराला चांगला भाव देणारं गिऱ्हाईक मिळालं, तर तो चढेल ना मामा?"

कल्पना वाईट नव्हती. पुण्या-बंगळुरात, आता गोव्यातही, शिकलेली मुलं असे कारखाने काढतातच. रागावण्यासारखं मला काही सापडत नव्हतं, आणि त्यामुळेच मी अस्वस्थ होतो.

त्या संध्याकाळी प्रोस्टमध्ये बसलो. तेही ज्युबिली हिल्सलाच. भाच्याने स्टाउट मागवली, मग आणखी एक. मी गप्प. तिसरी मागवायला त्याने हात वर केला, अर्ध्यात खाली घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, तूं मेजता न्हय?"

खोटं बोलता आलं असतं. पण तीन दिवस त्याने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी म्हटलं, "मेजतां."

"भायमामाक लागून?"

"हय."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्याने ती वही माझ्याकडे सरकवली. "वाच. मी प्यालेला प्रत्येक ग्लास यात आहे. तारीख, ठिकाण, चव. चव लिहिता येईनाशी झाली की थांबायचं, असा माझा नियम."

मी वही चाळली. अक्षर सुरेख, भाईसारखंच डावीकडे झुकलेलं. सुरुवातीच्या पानांवर शनिवार-रविवार. मग बुधवारही. शेवटच्या दोन महिन्यांत एका आठवड्यात पाच दिवस, एका आठवड्यात सहा. ते पान मी त्याच्यासमोर धरलं. त्याने बघितलं. मला वाटतं, त्याने ते प्रत्येक दिवशी लिहिलं होतं, पण सगळं एकत्र कधी वाचलं नव्हतं.

"हे चव बघणं आहे मामा," तो म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"भाईपण म्हणायचा, तबल्याला हात सुटा व्हावा म्हणून घेतो. सुरुवातीला खरंच तेवढंच घ्यायचा."

मी त्याला नोकरी सोडू नको असं म्हटलं नाही. ते म्हणायला मी आलो होतो, पण झाडाखाली तो द्रोण हातात धरल्यावर ते वाक्य माझ्याकडे राहिलं नाही. एवढंच म्हटलं, की जो रोज दारूत हात घालणार त्याला इतरांपेक्षा जास्त कोरडे दिवस लागतात. आणि ही वही दर महिन्याच्या एक तारखेला मला दाखवायची, कोऱ्या पानांसकट. तो बराच वेळ ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग "जाता" म्हणाला आणि बिल मागवलं. तिसरी आली नाही. हा विजय वगैरे नव्हे, हे मलाही कळतं.

घरी पोचल्यावर बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं. टाक्या, केळ्याचा वास, झाडावरचा म्हातारा, सुरेची कल्पना. वहीतले ते सहा दिवसही सांगितले, तिच्यापासून लपवायचा अधिकार मला नव्हता. शेवटी म्हटलं, "त्याला काम येतं. मी त्याला थांबवलं नाही. पण दर महिन्याला मोजणार आहे."

ती चिडेल असं वाटलं होतं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली,

"तेन्ना भायचें आमी कोणेंच मेजूंक ना रे, दादा."